‘घरी न्या’ म्हणजे हात वर केले का?

गोदाकाठची: काल इथं एका दादानं पेशंटचं दुखणं, त्रास कमी करायच्या पॅलिएटिव्ह सेवेबद्दल लिहिलं, ‘पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरनं हात वर केले. खरा मुलगा शेत विकतो, पण बापाला शेवटपर्यंत लढवतो.’ आणि खाली नुसते हात जोडलेले. डोकं फिरलं, म्हणून लिहायलेय.

माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, तोंडाचा कॅन्सर. चाळीस वर्षं मिसरी. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, सहा महिन्यांत गालावर परत उगवलं. जखमेच्या वासानं नातू खोलीत येईना. आत्यांना ते कळायचं. गालावर पदर धरून भिंतीकडं तोंड करून निजायच्या. मग एका नर्सताईनं शिकवलं, मेट्रोनिडॅझॉलची गोळी चुरून ड्रेसिंगवर टाकायची. आठवडाभरात वास बसला आणि पोरगं आजीच्या खाटेवर बसून चिवडा खायला लागलं. दुखण्यावर मॉर्फिन दर चार तासांनी, सोबत पोट साफ व्हायचं औषध. याला हात वर करणं म्हणता? हे तर उपचार चालू असतानाच सुरू करता येतं. आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही.

लातूरकर काका: ताई, मॉर्फिन म्हणजे अफू. माणसाला अफू चारून निजवायचं आणि सेवा म्हणायचं! माझ्या वडलांना दोन महिने सांगितले होते. मुंबईला नेलं, वर्षभर जगले. तुमचं ऐकलं असतं तर?

गोदाकाठची: नेऊ नका असं कुठं म्हणलं मी? वर्षभर जगले, त्यातल्या किती रात्री झोपले ते सांगा.

मेडिकलवाला, बीड: काका, अफूच्या धाकानंच घोळ झालाय. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर हे औषध ठेवायला दवाखानेच भ्यायले. २०१४ला दुरुस्ती होऊन परवान्यांची भानगड कमी झाली. तरी मी ठेवत नाही. एक गोळी हिशोबात चुकली तर जबाब मला द्यावा लागेल. शिव्या द्या खुशाल.

परभणीचा मास्तर: केरळात बघा, गल्लीतली माणसं पाळी लावून पेशंटच्या घरी जातात. २००८ला तिथल्या सरकारनं या सेवेचं धोरणच केलं.

नांदेडची लेक: गल्लीतली माणसं आमच्याकडं पण येतात की मास्तर. चहा प्यायला! आईच्या वेळी एका रविवारी एकतीस कप केले मी. एक मावशी उशाशी बसून म्हणाल्या, ‘आमच्या नणंदेला हेच झालतं, पंधरा दिवसांत गेली.’ आई टक्क जागी होती.

लातूरकर काका: माणुसकी म्हणून येतात लोक. नाही आले तर कुणी फिरकलं नाही म्हणून तुम्हीच रडणार.

नांदेडची लेक: या ना! पण गिळता येत नाही त्या माणसाला सफरचंदं कशाला? दोन तास बसा, मला डोक्यावरून पाणी घेऊन झोपू द्या. आणि माझे दोन भाऊ? एक सोलापूरहून फोनवर औषधं बदलायचा, दुसरा ‘बायामाणसाचं कसं करू’ म्हणून ओसरीत बसायचा.

मेडिकलवाला, बीड: लाज वाटते हो पुरुषांना.

नांदेडची लेक: दर दोन तासांनी कूस बदलायला ताकद लागते. ती तुमच्यातच असते म्हणे ना?

लातूरकर काका: सगळ्या पुरुषांना एकाच मापानं मोजू नका! मी स्वतः बापाचं हागणंमुतणं काढलंय.

मास्तर: विषय काय, चाललंय काय. चहाचा धागा वेगळा काढा.

नांदेडची लेक: हाच विषय आहे. करणाऱ्याची पाठ मोडली की पेशंटचं कोण करणार?

लातूरकर काका: (दुसऱ्या दिवशी) वडील शेवटचे तीन महिने ओरडायचे. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. मी अजून त्याला अफूच म्हणेन. पण बार्शीला मिळतं का, कुणी विचारून सांगा. आईच्या मानेला गाठ निघालीय.

गोदाकाठची: विचारून मेसेज टाकते. जाताना सगळी फाईल न्या. आणि काका, पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवशी मागून घ्या. आम्ही आठ दिवस उशीर केला, लई हाल झाले आत्यांचे.