भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा विमा: गरज की उगाच खर्च?

औंधचा घरमालक: वन-बीएचके भाड्याने दिलाय. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, रजिस्टर केलेला, पोलिसांना माहितीही दिली. विम्याचं नाव काढलं की ओळखीचे घरमालक म्हणतात, "डिपॉझिट आहे की!" अहो, दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटमध्ये जळालेलं किचन उभं राहतं का? २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक अटींची पॉलिसी आहे. आग-पुरामुळे घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेलं भाडंही त्यात मिळतं. काढाच, असं माझं स्पष्ट मत.

हिशेबी: साफ असहमत. खरी डोकेदुखी भाडं थकवणाऱ्याची, ती यात नाही. साधी घरफोडीही नाही. चोरी धरतात ती आग-पुरासारख्या घटनेमुळे, सात दिवसांच्या आत झालेली. आयकरात हप्ता भाड्याच्या उत्पन्नातून वेगळा वजा होत नाही, सरसकट ३० टक्के वजावटीतच सगळं आलं. शिवाय सोसायटीचा विमा असतोच.

कमिटीतली काकू: असतोच? पॉलिसी डोळ्यांनी पाहिलीत का? नूतनीकरण राहिलेल्या सोसायट्या मी पाहिल्यात. आणि तो इमारतीचा; तुमचा एसी, तुमची कपाटं त्यात कशी येतील? स्वतःच्या पॉलिसीच्या रकमेलाही लोक उगाच घाबरतात. विमा बाजारभावाचा नसतो, बांधकामखर्चाचा असतो. ५०० चौरस फूट कार्पेट, दर २,५०० रुपये धरला तर साडेबारा लाख. जमीन काही जळत नाही! घरातल्या वस्तूंसाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे अडीच लाख, आपोआप.

भाडेकरू बोलतोय: त्या वस्तू मालकाच्या हं. माझा लॅपटॉप जळला तर मी वाऱ्यावर, माझा विमा मलाच काढायचा. तरी 'हप्ता भाडेकरूने भरावा' असं कलम घालणारे महाभाग भेटलेत.

औंधचा घरमालक: ते चूकच. घर माझं, हप्ता माझा. पण हिशेबीसाहेब, मुदत संपूनही न हलणाऱ्यासाठी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ आहे, दुप्पट भाडं लागतं. त्याला पक्का करार हवा. आगीपुढे करार काय करणार?

हिशेबी: दुप्पट भाडं हातात कधी पडणार, ते सांगा! मी हप्त्याइतके पैसे दरवर्षी बाजूला ठेवतो.

कमिटीतली काकू: ठेवा. पण आग पहिल्याच वर्षी लागली तर?