सेमाग्लुटाईड (भूक आणि वजन कमी करणारं औषध) चालू आहे, भूकच लागत नाही, खायचं काय?

दीड महिना झाला, आठवड्याला एक इंजेक्शन. वजन उतरतंय पण जिना चढताना पाय लटपटतात, पोट साफ होत नाही आणि जेवण समोर आलं की नकोच वाटतं. दोन घास खाऊन उठते. असंच चालू ठेवलं तर चालेल का?

उत्तर १:
नाही चालणार! वजन उतरतं त्यात नुसती चरबी नसते, स्नायूपण जातात, पाय त्यानेच लटपटत असतील. मला डाएटिशियनने वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा हं), मग मी ताटातलं अंडं, दही, कडधान्य जे असेल ते आधी संपवते, बाकीचं उरलं तर उरलं. आणि आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचला, नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत.

उत्तर २:
या औषधाने पोट हळू रिकामं होतं, म्हणून तेलकट खाल्लं की मळमळ. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. तहानपण कमी लागते त्यामुळे पाणी आठवणीने प्या, फायबर हळूहळू वाढवा, एकदम वाढवलंत तर गॅसने हैराण व्हाल, मी झालोय 😅

उत्तर ३:
पोटात जोरात दुखून कळ पाठीत गेली किंवा उलट्या थांबेचनात तर इथे विचारत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

प्रश्नकर्ती:
थँक्यू सगळ्यांना! उद्यापासून आधी अंडं 🙈