नळ बंद, तरी रात्री पंप सुरू?

भाऊ, गिझरच्या लाईनवरचा प्रेशर पंप रात्री नळ बंद असतानाही मधूनमधून घरघरतो म्हणता, तर नवीन पंपाची घाई नका करू. झोपताना पंपातून घरात जाणाऱ्या पाईपवरचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा (बादली आधी भरून ठेवा!). पंप गप्प राहिला तर गळती घरातच. फ्लशही त्याच पंपावर असेल तर बहुतेकदा त्याचा वॉशर गेलेला असतो. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका. फ्लश न करता भांड्यात निळं उतरलं की चोर सापडला. व्हॉल्व्ह बंद असूनही पंप सुरू होत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) उघडून बघा, आपल्या नागपुरात बोअरच्या पाण्याचा क्षार तिथं हमखास बसतो. आवाज नुसता स्लॅबमधून घुमत असेल तर पंपाखाली जाड रबर टाका आणि भिंतीला टेकलेला पाईप मोकळा करा.