बालपण एकटं पुरत नाही
बालपणीच्या छळातून क्रौर्य येतं, असं म्हटलं जातं. हा मुद्दा स्टालिन आणि हिटलर दोघांनाही लागू पडतो; दोघांचेही बाप मारकुटे होते. पण तसं बालपण लाखोंच्या वाट्याला येतं, ते सगळे हिटलर होत नाहीत. त्याच्या हाती सत्ता कशी आली ते बघा. १९२८ मध्ये जर्मनीत त्याच्या नाझी पक्षाला जेमतेम २.६ टक्के मतं होती. मग मंदी आली, बेकारी ६० लाखांच्या घरात गेली आणि जुलै १९३२ मध्ये मतं ३७ टक्क्यांवर पोहोचली. तरी बहुमत नव्हतंच! नोव्हेंबरात तर ती घटली. जानेवारी १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख केलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग, माजी चॅन्सेलर पापेन यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी. हा आपल्या मुठीत राहील, असं पापेनला वाटत होतं. मला सर्वांत जास्त राग याच मंडळींचा येतो. भेदरलेल्या बेकाराचं मत मी समजू शकतो. यांना कसली ददात होती?