वेताळवाडी एका दिवसात: बॅगेत काय घ्यावं, काय घरी ठेवावं?

जालन्याची मनू:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही चौघं सोयगावजवळचा (जि. छत्रपती संभाजीनगर) वेताळवाडी किल्ला आणि नंतर रुद्रेश्वर लेणी करायचं म्हणतोय. पहाटे गाडीने निघून संध्याकाळी परत. सोबत आत्या आहे, पन्नाशी ओलांडलेली. चालायला खमकी, पण पाठीवर ओझं नको म्हणते. ग्रुपवर सामानाची यादी निघालीय ती वाचून आम्ही लग्नाला निघालोय असंच वाटतंय. स्टोव्ह, चटई, जादा कपडे, वर ब्लूटूथ स्पीकर! खरंच काय लागतं? आणि शाळेची बॅग चालेल का?

कन्नडकर:
पट्टे रुंद असतील तर शाळेची बॅग बिनधास्त घ्या. वीसेक लिटरची पुरे. मोठी घेतली की माणूस ती भरतोच.

पाणी मात्र दिवसाला माणशी तीन लिटर धरा. सकाळी गारवा असतो म्हणून लोक एक बाटली घेऊन निघतात आणि अकरानंतर कातळ तापला की एकमेकांच्या बाटल्यांकडं बघत बसतात. आता तीन लिटर म्हणजे तीन किलो. पण ते सगळं वाहायचं कशाला? हळदा घाटातून चढलात तर गाडी रस्त्यालाच असते आणि चढ फार मोठा नाही. दीड लिटर पाठीवर, बाकीचं डिकीत. किल्ला उतरलात की बाटल्या भरा आणि मग लेण्यांकडं निघा. जेवणाचा डबा, जादा शर्ट, सगळं त्याच हिशोबानं. गाडीपासून गाडीपर्यंत जे लागतं तेवढंच पाठीवर. आत्याबाईंकडं एक बाटली राहू द्या, उरलेलं पोरांनी वाटून घ्यावं.

रानभैरी:
किल्ल्यावर टाकी आहेत की राव, पाणी कशाला वाहायचं?

कन्नडकर:
टाक्यातलं पाणी शेवाळलेलं असतं, त्यात माकडंही तोंड घालतात. क्लोरिनच्या गोळीनं जंतू मरतात, गाळ जात नाही. शिवाय गोळी टाकून अर्धा तास थांबावं लागतं. फार तर बाटलीनं काढून रुमाल भिजवा, डोक्याला बांधा. टाक्यात पाय घालून बसू नका म्हणजे झालं.

धपाटेवाली:
स्टोव्ह पहिला बाहेर काढा. डोंगरातलं वाळलेलं गवत आणि विस्तव यांचं जमत नाही, आणि लेण्यांच्या कड्याला आग्या मोहोळं असतात ती धुरानं उठतात. अत्तर-बित्तरही मारू नका त्या दिवशी.

खायला दशम्या नाहीतर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. धपाटे तव्यावरून काढले की पूर्ण गार होऊ द्या आणि सुती फडक्यात बांधा. गरम गरम डब्यात कोंबले की घाम सुटून दुपारपर्यंत लिबलिबीत होतात. दही डिकीतसुद्धा नको, आंबून जातं. काकडी घ्या, तिचं वजन वाया जात नाही. आणि घरूनच पुड्या बांधून न्या: चहाचे सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. एका पुडीला एक लिटर पाणी, कमी-जास्त नाही. मेडिकलमधलं ओआरएस मिळालं तर उत्तमच.

सोयगावचा बाब्या:
कुसळांचं कुणीच बोललं नाही? पावसाळ्यानंतर वाटेवर गवत कमरेला लागतं. मोज्यात कुसळं शिरली की दर दहा पावलांना बसावं लागतं. लोकरीसारखे जाड मोजे आणि सुती ट्रॅकपँट कुसळं धरून ठेवतात. गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला, मोज्यावरून खाली ओढून घ्या. चप्पल-सँडल नाही म्हणजे नाही. एक जुना कंगवा ठेवा, कुसळं झटकायला त्याच्यासारखं काही नाही.

औषधात क्रेप बँडेज, पट्ट्या, ज्याची त्याची रोजची गोळी. साप-विंचवाची भीती वाटत असेल तर हातात काठी ठेवा आणि दगडात न बघता हात घालू नका. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नको. माणसाला न चालवता खाली आणा, १०८ लावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. घाटात रेंजचा भरवसा धरू नका. नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, शिट्टी आणि छोटी बॅटरी खिशात.

जालन्याची मनू:
लई धन्यवाद सगळ्यांना. स्टोव्ह आणि चटई कटाप. स्पीकरवरून भांडण चालू आहे, मोहोळाचं सांगून बघते. आत्यासाठी काठी घरून न्यावी का तिथंच मिळेल?

सोयगावचा बाब्या:
घरून आणा ताई, तिच्या उंचीची आणि हाताला बसलेली. जंगलातली तोडायची नसते. आणि गाडीची दुसरी किल्ली वेगळ्या माणसाकडं द्या, अर्धं पाणी त्याच डिकीत आहे तुमचं.