क्लासला जाणाऱ्या पोरांच्या हातात स्कूटीची चावी द्यावी का?

केळीचा मळा: परवा संध्याकाळी फैजपूर-यावल रस्त्यावर केळीचा ट्रक वळत होता. समोरून एका स्कूटीवर तीन पोरं, चालवणारा जेमतेम पंधराचा. ब्रेक दाबताच गाडी घसरली. खरचटण्यावर निभावलं. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं! बापाला फोन लावला तर म्हणे, "क्लासला जातो, काय करणार?" भाऊ, हे चुकीचंच आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 199 अ कलम आलंय. अल्पवयीन पोराने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. चावी देऊच नका.

तापीकाठची आई: दादा, कायदा बरोबर आहे, पण माझी मुलगी अकरावीत. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत, मान्य. पण क्लास सुटतो साडेसातला आणि आमच्या गावची शेवटची गाडी सहाला. ह्यांची केळीची कापणी चालू असते, रोज आणायला जाणार कोण? चावी काढून घेतली तर तिचा क्लास बंद होईल. ती हेल्मेट घालते, पट्टा लावते, एकटीच जाते.

विम्याचं काम करणारा: ताई, तुमची तळमळ कळते. पण तिच्या गाडीखाली कोणी आलं तर थर्ड पार्टी विमा असूनही अडचण येते. लायसन नसलेल्याच्या हाती गाडी असेल तर कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याचे आदेश होतात. शेत विकून भागेल का? मी अशा फायली हाताळल्यात. पट्टा लावला म्हणून लायसन मिळत नाही.

चोपडेकर: सोळाव्या वर्षी लायसन मिळतंच की! माझ्या भाच्याने काढलंय.

विम्याचं काम करणारा: ते फक्त बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. घरातली स्कूटी 110 किंवा 125 सीसीची असते, त्यावर ते चालत नाही. तिला अठराच लागतात. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या वेगाची, 250 वॉटपेक्षा कमीची बॅटरीची गाडी कायद्याने मोटार वाहनात धरत नाहीत, तिला लायसन लागत नाही. पण घेताना कागदावर वॉट बघा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

तापीकाठची आई: पंचवीसच्या वेगाने रात्री केळीच्या ट्रकांच्या रांगेतून? मला त्याचीच जास्त भीती वाटते. त्यापेक्षा एसटी द्या.

केळीचा मळा: ताई, इथे तुमचं खरं आहे, मी नुसता चावीवरच बोललो. तुमच्या गावच्या किती मुली त्या क्लासला येतात? दहा-बारा असतील तर नावं द्या. आगारप्रमुखांना साडेसातच्या गाडीसाठी अर्ज करू, मी स्वतः सोबत येतो. तोवर आमच्या वाड्यातली बोलेरो त्याच वाटेने रिकामी परतते, चालवायला माझा चुलतभाऊ, लायसनवाला. भाडं न घेता पोरींना सोडेल. पण स्कूटी उद्यापासून घरीच ठेवा.

तापीकाठची आई: नऊ मुली आहेत. यादी रात्री पाठवते. चावीचं ह्यांच्याशी बोलून सांगते.