अनुभव धागा : बंदुकीने गेलेलं रान आणि घरातल्या आठवणी

1818 नंतर नाशिक-खानदेशच्या डोंगरांत ईस्ट इंडिया कंपनीने भिल्ल-कोळ्यांवर फौज घातली. घाट राखणाऱ्या नाईकांचे हक्क गेले. मग 1878 च्या वन कायद्याने रानं राखीव झाली, आणि पिढ्यानपिढ्या तिथेच राहणारा माणूस ‘अतिक्रमणवाला’ ठरला. हे शाळेत कुणी शिकवलं नाही. तुमच्या घरात काय ऐकलंत, काय पाहिलंत? लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

सिन्नर : आमचं गाव नांदूर शिंगोट्याजवळ. ऑक्टोबर 1857 मध्ये भागोजी नाईकांच्या भिल्लांनी तिथेच इंग्रज अधिकारी हेन्रीला मारलं. पुढची दोन वर्षं फौज त्यांच्या मागे होती. 11 नोव्हेंबर 1859 ला मिठसागरेजवळ नाईक पडले. आजोबा ती वाट दाखवताना चपला काढायचे. कारण कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

इगतपुरी : मी महादेव कोळी. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आमच्यातले राघोजी भांगरे 1848 मध्ये ठाण्याला फासावर गेले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण दहाच वर्षांत कॅप्टन नटॉलने आमच्याच पोरांची कोळी पलटण उभारली आणि भागोजींच्या भिल्लांवर सोडली, हे सांगताना जीभ अडखळते. सांगायला मात्र हवं. पोटासाठी गेली असतील पोरं, पण ज्याच्या शेजारी रान वाटून खाल्लं त्याच्यावरच गेली.

सुरगाणा : आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. आजी रानात नागली लावायची, वनखात्याचे साहेब यायचे, उभं पीक मोडायचे आणि दंडाची पावती फाडायचे. आजीला अक्षर येत नव्हतं, पण प्रत्येक पावती तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपली. 2006 चा वनहक्क कायदा आला, तेव्हा 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतो याचा पुरावा मागितला. आम्ही त्याच पावत्या दाव्याला जोडल्या. एकीवर आजीचा अंगठा आहे, शाई पसरलेली. मार्च 2018 ला वनहक्कांच्या मागणीसाठी नाशिकहून मुंबईला शेतकरी-आदिवासींचा मोर्चा निघाला, तेव्हा त्यांच्या झेरॉक्स पदरात बांधून आई सुमारे 180 किलोमीटर चालली. तळपायाची सालं निघाली होती. आम्ही चार एकर कसतो, सातबाऱ्यावर दीडच लागली. उरलेल्याचा दावा अजून पडून आहे.

पेठ : ताई, आमच्याकडेही अशीच पेटी आहे. आज उघडून बघते.